आमची सही कुणाच्या खिशात?

रेडिओ लावून बसलेल्या ताई, वहिनी, मावशी, आत्याबाई, आणि चुलीपाशी बसून एक कान इकडे दिलेल्या आजी, सगळ्यांना आमचा नमस्कार. दादा आणि भाऊमंडळीही ऐकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी आज जरूर ऐकावं, कारण बोलणं त्यांच्या खिशापर्यंत जाणार आहे.

आजचा विषय मोबाईल. लगेच आवाज बारीक करू नका. मोबाईल शाप की वरदान, यावर शाळेत पुष्कळ निबंध लिहून झालेत. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. तुमच्या बँकेच्या पासबुकाला आणि तुमच्या आधार कार्डाला जो मोबाईल नंबर जोडलाय, तो कुणाचा आहे? तुमचा, मालकांचा, पोराचा, दिराचा, की तिकडे पुण्याला कामाला गेलेल्या भाच्याचा? पासबुक हाताशी असेल तर काढून बघा. नसेल तर आठवा. आठवत नसेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

का विचारतो, ते सांगतो. आपल्या आजीच्या पिढीला अंगठा होता. कागद कसलाही असो, शाईत अंगठा बुडवायचा आणि टेकवायचा. वर काय लिहिलंय, ते लिहिणाऱ्याला माहीत. मग नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान गावोगाव आलं. रात्री कंदिलाखाली बायका पाटी घेऊन बसल्या आणि आपलं नाव काढायला शिकल्या. पुढे बचत गट आले. गटाच्या रजिस्टरात दर महिन्याला सही करायची, बँकेत अध्यक्ष आणि सचिव म्हणून सही करायची, कर्जाच्या कागदावर सही करायची. अक्षर वाकडंतिकडं असेल, पण ते आपल्या हातचं होतं. बाईनं सही केल्याशिवाय पैसे निघत नाहीत, हे घरातल्या माणसांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या सहीनं घरातलं बोलणं बदललं. आमच्यातल्या कितीतरी जणींनी ते स्वतः अनुभवलं आहे.

आता बघा काय झालं. सही मागं पडली आणि तिच्या जागी ओटीपी आला. सहा आकडे. ते आकडे ज्याच्या फोनवर येतात, त्याचीच सही चालते. खातं आपल्या नावाचं, आधार आपलं, फोटो आपला, बोटाचे ठसेसुद्धा आपले. आणि सही मात्र दुसऱ्याच्या खिशात वाजते. चाळीस वर्षं घालवून अंगठ्यापासून सहीपर्यंत आलो, आणि पुन्हा ‘वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत’ इथं येऊन थांबलो.

हे आमच्याच गावाचं गाऱ्हाणं आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सरकार करतं. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. १०० पैकी ५४ जणी हो म्हणाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलंय अशा बायका १०० पैकी ३३ निघाल्या, पुरुष ५७. त्यानंतर फोन वाढले असतील, वाढलेच आहेत. तरी घरात एकच चांगला फोन असेल तर तो कुणाच्या हातात असतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. देशातलं पहिलं आधार कार्ड कुणाला दिलं होतं? २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका बाईला. म्हणजे या सगळ्याची सुरुवात बाईपासून झाली. पण गावोगाव शिबिरं लागली, तेव्हा मोबाईल नंबरच्या रकान्यात आपण कुणाचा नंबर सांगितला? घरात जो होता तो. काही जणींनी शेजाऱ्याचा दिला, काहींच्या फॉर्मवर शिबिरातल्या पोरानं काय लिहिलं ते कळलंही नाही. त्या वेळी त्या रकान्याला काही मोल नव्हतं. आता सगळं मोल त्यालाच आलंय.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचंच उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये योजना आली, महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. या योजनेविषयी आमच्यातच दोन मतं आहेत. एकीचं म्हणणं, पैशापेक्षा हाताला काम द्या. दुसरी म्हणते, काम येईल तेव्हा येईल, तोवर औषधाचे पैसे तरी मागावे लागत नाहीत. तो वाद आज बाजूला ठेवू. सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारचा ओटीपी लागायचा, आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. आता ज्या बाईचे मालक वारले आणि वडीलही नाहीत, तिनं ओटीपी कुठून आणायचा? जिला नवऱ्यानं टाकून दिलंय, तिनं त्याच माणसाला फोन करून ‘सहा आकडे सांगा हो’ म्हणायचं? गावोगावच्या बायकांनी आणि अंगणवाडी ताईंनी ही अडचण वर कळवली. मग मुदत वाढली, आणि विधवा, घटस्फोटित बहिणींनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा, अशी वाट निघाली. पण कोर्टाची पायरी न चढता नुसतीच टाकून दिलेली बाई या कागदांत कुठं बसते? तिच्याकडे दाखवायला कागदच नसतो.

यातून आम्ही काय समजलो? योजना करणाऱ्यांच्या डोक्यात एक घर असतं. त्या घरात कमावता नवरा असतो, प्रत्येकाकडे चालू नंबर असतो, गावात रेंज असते. आपली घरं तशी नसतात. म्हणून आपलं घर कसं आहे, ते आपल्यालाच वरचेवर सांगावं लागतं, ग्रामसभेत आणि इथे रेडिओवर.

आता हातात असलेल्या गोष्टी बोलू. पेन घ्या, नाहीतर पोरीला लिहायला सांगा.

पहिली गोष्ट, आधारला स्वतःचा नंबर जोडणं. त्यासाठी आधार केंद्रावर स्वतः जाता येतं. बोटाचा ठसा देऊन ओळख पटवतात आणि नंबर बदलतात. वेगळं कागदपत्र लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून यासाठी ७५ रुपये फी आहे. जास्त मागितले तर पावती मागा. पावती मिळतेच, ती घेतल्याशिवाय उठू नका.

दुसरी गोष्ट, नंबर जिवंत ठेवणं. स्वस्तातलं सिम घेतलं, कामापुरतं वापरलं आणि डब्यात टाकून दिलं, असं करू नका. सलग ९० दिवस नंबर अजिबात वापरला नाही, रिचार्ज नाही, फोन नाही, मेसेज नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग तुमच्या खात्याचे मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत राहतात. रिचार्ज महाग झालाय, हे खरं. तरी तेलामिठाच्या यादीत आता तो धरावाच लागेल.

तिसरी गोष्ट, पैसे कोणत्या खात्यात येतात ते बँकेत विचारणं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातो, आणि ते बहुधा सगळ्यात शेवटी जोडलेलं खातं असतं. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी दारात येऊन अंगठा घेऊन खातं उघडून गेला असेल, तर पैसा तिकडेही जात असेल. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून कपाळाला हात लावण्याआधी ‘माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय?’ हे विचारा.

चौथी गोष्ट अंगठ्याची. दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवून पैसे काढतो, तेव्हा ‘अंगठा लागला नाही, परत ठेवा’ असं म्हणाले तर आधी पहिल्या वेळचा कागद मागा. अंगठा खरंच लागला नव्हता की पैसे निघून गेले, ते त्या कागदावर कळतं. आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवायचीही सोय आहे आणि ती फुकट आहे. पण ठसे बंद असताना रेशनच्या यंत्रावरही अंगठा चालणार नाही. म्हणून ते परत उघडायचं कसं, हे शिकूनच बंद करा.

हे झालं पैशाचं. आता कामाचं बोलू, कारण फोन आता मुकादमही झाला आहे.

रोजगार हमी आपल्या महाराष्ट्रात जन्मली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, तलाव खणायला, रस्त्यावर माती टाकायला किती बायका गेल्या, ते घरातल्या थोरल्या बाईला विचारा. त्यातूनच पुढे राज्याचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाचा. हजेरी मस्टरवर लागायची. मस्टरमध्ये घोळ व्हायचे, खोटी नावं घुसायची, हे काही आम्ही लपवत नाही. ते थांबावं म्हणून मोबाईलवरची हजेरी आली. २०२१ च्या मे महिन्यात सुरुवात झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, सगळ्या कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, आणि फोटोबरोबर वेळ आणि ठिकाणही नोंदलं जातं.

हेतू चांगला. पण डोंगराच्या कडेला रेंज नसेल तर? पहिल्या फोटोनंतर वाटून दिलेलं काम लवकर उरकलं, तरी दुसऱ्या फोटोसाठी उन्हात बसून राहायचं. घरी तान्हं पोर असलेल्या बाईनं काय करायचं? आणि फोटो चढलाच नाही तर माती उपसलेली असूनही हजेरी शून्य. दुसरीकडे, खोटेपणा करणाऱ्यानं वाट काढलीच. फोटोचाच फोटो काढून चढवतात, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकतात, हे २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्याच परिपत्रकात आलं. म्हणजे चोराला पळवाट सापडली आणि घाम गाळणारी उन्हात राहिली. आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा केला आहे. दिवस १०० चे १२५ झाले आणि त्यातही यंत्रावरच्या नोंदीवर भर आहे. म्हणून हे बोलणं जुनं झालं असं समजू नका.

अंगणवाडी ताईंचंही ऐका. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं. हातात दिलेले फोन कमी ताकदीचे, ॲप उघडता उघडता गरम व्हायचे, आणि माहिती भरायची इंग्रजीत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या हजारो सेविकांनी ते फोन कार्यालयात नेऊन परत केले. मराठीत ॲप द्या, धड चालणारा फोन द्या, मग काम करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही, असं त्या वेळी काही जण म्हणाले. आम्हाला तसं अजिबात वाटत नाही. विळीला धार नसेल तर चिरणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवत नाही. अवजार वाईट असेल तर ते वाईट आहे असं सांगणं, हे काम येणाऱ्या माणसाचंच लक्षण आहे. पुढे काम वाढतच गेलं. २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा फोनला दाखवून ओळख पटवावी लागते. ताई तिला तिच्या लहानपणापासून ओळखते, तरी फोननं ओळखल्याशिवाय पाकीट हातात देता येत नाही.

मग आमचं मत काय? नोंद यंत्रावर ठेवा, खुशाल ठेवा. पण यंत्र चुकलं तर त्याची शिक्षा माणसाला नको. रेंज गेली म्हणून मजुरी जाऊ नये. चेहरा जुळला नाही म्हणून पोराचा घास अडू नये. प्रत्येक यंत्राशेजारी एक वही हवी, आणि त्या वहीत लिहिलेलं खरं धरणारा माणूस हवा. आमच्यातल्या एक थोरल्या काकू म्हणतात, ‘मला फोन नको, मला तो बघवत नाही, पण माझे पैसे मला हवेत.’ त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. फोन घेणं ही सक्ती असू नये. फोन नसलेल्या बाईसाठी कागदाची वाट उघडी राहिली पाहिजे, आणि ती तिला कुणापुढे हात न जोडता मिळाली पाहिजे.

फोननं आमचं काहीच भलं केलं नाही असं मात्र नाही. पावसाळ्याच्या तोंडाला शेतात असताना वीज कुठं पडू शकते, याची सूचना ‘दामिनी’ ॲप देतं. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय. झाडाखाली उभं राहू नका, लोखंडी अवजार हातात ठेवू नका, हे आपण सांगतोच. त्यात अर्धा तास आधी फोन वाजला तर बायका वेळेत घर गाठतात. बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई आता सुट्ट्या पैशांसाठी गिऱ्हाईक सोडत नाही, फळीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवून ठेवते. आमचं एवढंच म्हणणं, की त्या कागदामागचं खातंही तिचंच असू दे. नाहीतर उन्हात बसायचं तिनं आणि पैसे जमा व्हायचे भलतीकडे.

आता तिसरी बाजू, बातमीची. फोनवर दिवसभर काही ना काही येतं. सकाळचे सुविचार, देवाचे फोटो, घरगुती औषधं, आणि मग ‘सावधान, सगळ्यांना पाठवा’. त्यातलं खरं किती?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्या दिवसांत फोनवरून एकच गोष्ट फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे. जमावाला संशय आला, आणि त्या पाचही जणांना मारून टाकण्यात आलं.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणारं मूल उचलून नेतात. तो खरा प्रसंग नव्हताच. पाकिस्तानात कराचीला, पालकांनी मुलांना जपावं म्हणून बनवलेल्या जाहिरातीचा तो तुकडा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता. मुलं जपा म्हणून सांगणारी गोष्ट कापून माणसं मारायला वापरली गेली. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं आपल्या देशासाठी नियम केला, की एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येणार नाही.

त्या पाच जणांना मारणारे हात वेगळे होते. पण त्याआधी तो मेसेज किती जणांनी पुढे ढकलला असेल? बहुतेकांनी पोरांच्या काळजीपोटीच. त्यात आयाही असतील. आई असलेल्या बाईला ‘मुलं पळवतात’ असं कुणी सांगितलं, तर ती गप्प कशी बसेल? म्हणूनच असे मेसेज आपल्याकडे येतात. आपली काळजी, आपली भीती, आपली देवावरची श्रद्धा, हे सगळं त्यांना चांगलं माहीत असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, मेसेज पुढे पाठवणं म्हणजे त्याखाली सही करणं. कोऱ्या कागदावर आपण सही करत नाही. मग कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कुठल्या गावचं आहे, हे माहीत नसलेल्या मेसेजवर कशी करायची? मेसेजवर दोन बाण दिसले, की तो खूप हातांतून आलाय असं समजा, आणि थांबा. रेडिओवर आम्ही काही बोललो आणि ते चुकलं, तर तुम्ही सांजच्याला आमच्या दारात उभ्या राहाल, ‘काय गं, असं कसं सांगितलंस?’ म्हणून. मेसेज पाठवणाऱ्याचं दार कुठं आहे? ज्याला दार नाही, त्याचं बोलणं आपल्या घरातून पुढे कशाला जाऊ द्यायचं?

हेच फसवणुकीच्या फोनचं. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, फोन बंद करू नका, कुणाला सांगू नका.’ असली अटक कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ते रेडिओवरूनच सांगितलं. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत. बँक कधी ओटीपी विचारत नाही. ‘कुणाला सांगू नका’ असं जो म्हणतो, त्याच्याबद्दल आधी सगळ्यांना सांगा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. आणि घरातल्या माणसांनो, त्या वेळी बाईला ‘तुला कुणी सांगितलं होतं फोन घ्यायला’ असं म्हणू नका. तो बोल ऐकावा लागेल, या भीतीनंच बायका दोन दिवस लपवतात, आणि त्या दोन दिवसांत पैसा हाती लागेनासा होतो.

शेवटी एक तक्रार, आम्ही नेहमी ऐकतो ती. ‘बायका दिवसभर फोनमध्ये डोकं घालून असतात.’ २०२४ मध्ये सरकारनं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. म्हणजे बाईचे पाच तासांना थोडेच कमी. एवढं करून रात्री भांडी घासून झाल्यावर ती अर्धा तास रील बघत बसली, तर तिच्यावर ओरडू नका. पण मैत्रिणींनो, त्या अर्ध्या तासाचे दोन तास कधी होतात तेही कळत नाही आणि सकाळी डोळे चुरचुरतात, हेही आपल्याला माहीत आहे. रेडिओ ऐकताना हात मोकळे राहतात, भाकरी थापता येते. फोन हातही मागतो आणि डोळेही. विश्रांती म्हणून घेतलेल्या वस्तूनं झोप खाल्ली, तर तीही एक मजुरीच झाली.

पोरींच्या फोनवरून मात्र आमच्यात एकमत नाही. काही जणी म्हणतात दहावी झाल्याशिवाय नको, काही म्हणतात जग कळायचं तर आत्ताच हवा. एका गोष्टीवर मात्र सगळ्या ठाम आहोत. पोरीला कुणी घाणेरडा मेसेज पाठवला, तर पोरीचा फोन काढून घ्यायचा नाही. मेसेज पाठवणाऱ्याला विचारायचं. नाहीतर पुढच्या वेळी ती घरी सांगणार नाही. आणि लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली तेव्हा आमच्या आजूबाजूच्या किती घरांत फोन आधी भावाला मिळाला, बहिणीला उरला तर, ते आम्ही पाहिलं आहे. ते पुन्हा नको.

मैत्रिणींनो, आता या महिन्याचं काम. गटाची बैठक होईल तेव्हा बचतीचा हिशेब झाल्यावर रजिस्टरचं एक कोरं पान उघडा. डाव्या बाजूला प्रत्येकीचं नाव लिहा, आणि समोर लिहा, तिच्या आधारला आणि तिच्या खात्याला जोडलेला फोन कुणाकडे असतो. नंबर लिहू नका, फक्त कुणाकडे ते लिहा. जिच्या नावासमोर ‘माझ्याकडे’ असं येणार नाही, त्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवा आणि आधार केंद्रावर जा. एकटीनं गेलं की उद्या या म्हणतात. दहा जणी गेल्या की खुर्च्या देतात. जाताना त्या काकूंसारख्या फोन नको असलेल्या बाईलाही बरोबर घ्या आणि बँकेत तिच्यासाठी विचारा, हिला कागदावर काय काय मिळू शकतं.

काय उत्तर मिळालं, ते आम्हाला येऊन सांगा. पुढच्या वेळी ते इथंच सगळ्यांना ऐकवू. येतो आम्ही. रामराम.